बावट्याची कुळकथा

‘तीन नंबरचा बावटा लागला’ ही खबर पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या बंदरात पसरली की समुद्रात निघालेल्या बोटी थबकतात. बंदरातल्या उंच काठीवर दिवसा काळे शंकू आणि दंडगोल चढवायचे, रात्री लाल-पांढरे दिवे लावायचे, अशी ही वादळाच्या इशाऱ्याची जुनी रीत.

तिचं मूळ बंगालात आहे. 5 ऑक्टोबर 1864 रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आदळलं आणि हुगळीतून आत घुसलेल्या पाण्याने सुमारे 60,000 माणसांचा घास घेतला. महिनाभरातच मच्छलीपट्टणमवरही तीच पाळी आली. सरकारने समिती नेमली. 1865 मध्ये वादळाची पूर्वसूचना देणारी देशातली पहिली व्यवस्था कलकत्ता बंदरात उभी राहिली. 1875 मध्ये हवामान खातं स्थापन झालं, 1886 पर्यंत सगळी बंदरं या व्यवस्थेत आली आणि 1898 मध्ये सगळीकडच्या खुणा एकसारख्या झाल्या.

एक ते अकरा असे हे बावटे. पहिले दोन सांगतात, वादळ अजून दूर आहे. तीन आणि चार बंदराला सावध करतात. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार की थेट अंगावर येणार, हेही त्यांतून कळतं. अकरावा सर्वांत भयंकर म्हणावा लागेल. हवामान कार्यालयाशी संपर्कच तुटला, हा त्याचा अर्थ.

हे सारं घडलं जहाजांसाठी. वारा मात्र धक्क्यावर थांबत नाही.

याच पालघर जिल्ह्यातलं जव्हार सुमारे 450 मीटर उंचीवर, मोखाडा त्याच्याही पलीकडे. तिथून ना समुद्र दिसतो, ना बावटा. पाड्यांवर अजूनही कारवीच्या कुडाची घरं आहेत. मे महिन्यात छपराची कौलं चाळायची, पेंढा आणि सरपण कोरड्यात घ्यायचं, राब भाजून झालेला असतो. नेमक्या याच दिवसांत अरबी समुद्र खवळतो.

अशा आतल्या गावांची दखल व्यवस्थेने उशिरा घेतली. 1999 पासून इशाऱ्याचे चार टप्पे झाले. चौथा टप्पा वादळ किनारा ओलांडण्याच्या किमान 12 तास आधी येतो आणि पुढे ते कुठे सरकेल, आतल्या भागात काय होईल, हे सांगतो. डोंगरातल्या माणसासाठी हाच खरा बावटा.

17 मे 2021 रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ पालघरचा किनारा न ओलांडता समुद्रातूनच पुढे गेलं आणि रात्री दीवजवळ धडकलं. तरीही पालघर जिल्ह्यात घरांची छपरं उडाली, आंबा झडला.

आता इशारे मोबाइलवर येतात, पण जव्हार-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर रेंजच नसते. पोलीस पाटील, आशाताई, शाळेचे गुरुजी यांच्यामार्फत हा चौथ्या टप्प्याचा इशारा अंधार पडण्याआधी शेवटच्या घरापर्यंत पोचवण्याची पक्की व्यवस्था प्रशासनाने येत्या मेआधी करावी.