औषध आणि ओसरी

बालकांच्या रक्तकर्करोगाचा इतिहास बहुधा औषधांच्या नावांनी सांगितला जातो. आम्हांस तो परभणीच्या बाजूने पाहावासा वाटतो. औषध निघणे आणि ते येथील लेकरापर्यंत पोहोचणे, या दोन घटनांमध्ये आईबापांच्या दोन पिढ्या ताटकळल्या आहेत.

जून १९४८ मध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला. अमिनोप्टेरिनने काही मुलांचा रोग, तात्पुरता का होईना, मागे हटला होता. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव मूळचे आंध्रातील भीमावरमचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते अमेरिकेत निवर्तले. परभणी त्या वेळी रझाकारांच्या धास्तीत दिवस काढीत होती. सप्टेंबरात निजामी अंमल संपला. बोस्टनची वार्ता येथे कोणाच्या कानी जावी?

मुंबईत परळचे टाटा रुग्णालय मात्र २८ फेब्रुवारी १९४१ रोजीच उघडले होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये याच रक्ताच्या आजाराने परदेशात वारल्या. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्तनिधीने पुढे हे रुग्णालय उभारले. पण परभणीहून परळ सुमारे साडेपाचशे किलोमीटर. १९९० च्या दशकात रुंद लोहमार्ग येईपर्यंत मनमाडला उतरून, आजारी मूल खांद्यावर घेऊन गाडी बदलावी लागे. त्याआधी ताप उतरेना म्हणून गावचा डॉक्टर, मग तुराबुल हक बाबांच्या दर्ग्यावर नवस. अंगावर निळे डाग उमटले, हाडे ठणकू लागली, तेव्हा कोणीतरी रक्त तपासायला सांगे. या दिरंगाईबद्दल आईबापांना बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्वर आणि पांडुरोग तर येथे प्रत्येक घरी असतो.

१९८४ पासून टाटा रुग्णालयात आणि देशातील आणखी काही केंद्रांत, आपल्याकडील परिस्थितीला झेपेल अशी एक संयुक्त उपचारपद्धती सुरू झाली. आधी मोजकीच मुले जगत. आता निम्म्याच्या आसपास दीर्घकाळ जगू लागली. परंतु उपचार दोन वर्षांहून अधिक चाले. पहिल्या काही आठवड्यांतच मूल खेळू लागे, जेवण मागू लागे. इकडे पेरणी तोंडावर आलेली, धाकटी भावंडे आजीपाशी, मुंबईत पदपथावर अंथरलेली चटई. बाप हिशेब मांडी आणि बरे दिसणारे लेकरू घेऊन गावी परते. रोग मग परत येई. वैद्यकीय अहवालांत याला ‘उपचार सोडला’ म्हणतात. सोडला, की सुटला?

म्हणून आम्ही या इतिहासात ओसरीलाही औषधाइतकाच मान देतो. निवाऱ्यावाचून माणूस उघड्यावर पडू नये म्हणून गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत टाटातील रुग्णांची कुटुंबे राहतात. २००६ मध्ये मुंबईतच आठ कुटुंबांपासून सेंट ज्यूड बालसेवा केंद्र सुरू झाले. मेम्फिसचे बालरुग्णालय (१९६२) आणि हे केंद्र या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही, पण नाव एकाच संताचे: आशा सुटलेल्यांच्या कैवाऱ्याचे. केंद्रात भाडे नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा, आणि सामाईक स्वयंपाकघरात आपापली चूल. परक्या शहरात आपल्या हातची भाकरी लेकराला भरवता येणे ही बाब आईला किती बळ देते, ते सांगायला नको.

२०१२ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परभणीचा बाप आता काही तासांत तेथे पोहोचतो. खर्चाचा मोठा भार शासकीय योजना उचलते. मुलाला काय सांगायचे, हा प्रश्न मात्र कोणत्याही योजनेत बसत नाही. ‘रक्त कमी झालंय, भरायला जायचंय,’ एवढ्यावर बहुतेक घरे थांबतात. मूल शेजारच्या खाटेवरून उरलेले शिकते. आणि गावी कापसाच्या शेतात थांबलेला बाप संध्याकाळी फोनवर आधी ‘जेवला का?’ विचारतो, मग जपून, ‘काउंट किती आले?’