मुमूर्षूंची वेदना आणि वैद्यकीय नीती : सिसिली सॉन्डर्स यांचे संशोधनकार्य

विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकाने अनेक दुर्धर रोगांवर विजय मिळविला. परंतु ज्याचा रोग बरा होणे शक्य नाही, त्या रोग्याविषयी वैद्याचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाकडे मात्र वैद्यकाचे दुर्लक्षच झाले. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यास वेदना असह्य झाल्यावरच मॉर्फीन टोचावे, असा तत्कालीन इंग्लंडातील बहुतेक रुग्णालयांचा प्रघात होता. औषध नियमित दिल्यास रोगी त्याच्या आहारी जाईल आणि मात्रा वाढविल्यास मृत्यू ओढवेल, या दोन भीतींवर हा प्रघात उभा होता. वस्तुतः ही दोन्ही विधाने अनुभवाने पडताळून पाहण्याजोगी होती. तथापि त्यांना नीतितत्त्वांची प्रतिष्ठा लाभली होती. ती प्रतिष्ठा दूर करून त्यांना संशोधनाच्या कसोटीस लावले, हे डॉ. सिसिली सॉन्डर्स (१९१८–२००५) यांच्या कार्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व होय.

सॉन्डर्सबाईंनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे तो व्यवसाय सोडावा लागल्यावर त्या रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. बेजवॉटर येथील सेंट ल्यूक या संस्थेत त्या सायंकाळी विनावेतन शुश्रूषा करीत. तेथे मॉर्फीन ठराविक वेळी नियमाने दिले जाई, आणि रोगी शांत असूनही सावध राहत. मरणोन्मुखांची उपेक्षा वैद्यांकडूनच होते, तेव्हा स्वतः वैद्य होऊनच हे कार्य करावे, असा सल्ला शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना दिला. त्याप्रमाणे अभ्यास करून १९५७ मध्ये त्या वैद्यकाच्या पदवीधर झाल्या.

याच वर्षी डॉ. जॉन बॉडकिन ॲडम्स यांच्यावरील खुनाचा खटला इंग्लंडात गाजला. रोग निवारणे अशक्य झाले तरी दुःखशमनार्थ उचित व आवश्यक ते सर्व करण्याचा वैद्यास अधिकार आहे, मग त्यायोगे आयुष्य आनुषंगिकपणे थोडे घटले तरी हरकत नाही, असे न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीस समजावून सांगितले. कायद्याने वैद्यास अभय दिले खरे. परंतु वेदनाशमन म्हणजे मृत्यूशी केलेली तडजोड, हे गृहीतक त्यात अबाधितच राहिले.

१९५८ पासून सॉन्डर्सबाईंनी हॅकनी येथील सेंट जोसेफ शुश्रूषागृहात संशोधन आरंभिले. औषध मागितल्यावर न देता वेदना परतण्यापूर्वीच, रोग्यागणिक मात्रा ठरवून, आणि शक्यतो तोंडाने द्यावे, ही पद्धती त्यांनी तेथे रूढ केली. सुमारे सात वर्षांत हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी त्यांनी ठेविल्या व अनेकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. रोग्याचे निवेदन हाच या संशोधनाचा मुख्य पुरावा होता. अशा रीतीने दिलेल्या मॉर्फीनमुळे व्यसनाची समस्या उद्भवत नाही, मात्रा अनिर्बंध वाढवावी लागत नाही आणि रोग्याची शुद्धही हरपत नाही, असे त्यांस दिसून आले. उलट औषधासाठी वारंवार याचना करावयास लावणारी जुनी पद्धतीच रोग्यास औषधाचा दास बनविते, हा त्यांचा निष्कर्ष नीतिविचाराच्या दृष्टीने मूलगामी होता. वेदनेस शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी अंगे असतात, हा ‘समग्र वेदने’चा सिद्धांतही त्यांनी याच निरीक्षणांतून मांडिला. योग्य शुश्रूषा मिळाल्यास दयामरणाची मागणी पुष्कळ अंशी मावळते, अशीही त्यांची धारणा होती.

या नोंदी तुलनात्मक प्रयोगाच्या स्वरूपाच्या नव्हत्या, ही त्यांची मर्यादा होती. १९६७ मध्ये सॉन्डर्सबाईंनी सिडनहॅम येथे स्थापिलेल्या सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिसमध्ये ही उणीव भरून काढण्याचा यत्न झाला. मॉर्फीनपेक्षा हेरॉइन सरस, अशी तेथे समजूत होती. रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी १९७१ पासून दोहोंची पद्धतशीर तुलना केली. तोंडाने नियमित दिल्यास त्यांत व्यवहारात महत्त्वाचा असा फरक नाही, असे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाने दाखविले. परक्यांच्या समजुतींस लावलेली कसोटी संस्थेने स्वतःच्या समजुतीसही लावली, ही गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. हेरॉइन दुर्लभ असलेल्या देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार मोलाचा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कर्करोगवेदनेविषयीच्या मार्गदर्शिकेत तोंडाने व ठराविक वेळी औषध देण्याचे तत्त्व स्वीकारलेले आढळते.

त्याच वर्षी मुंबईत वांद्रे येथे ‘शांती आवेदना सदन’ हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातील कडक निर्बंधांमुळे देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर याच सुमारास खालावला. व्यसनाची जी भीती हॅकनीतील नोंदींनी निराधार ठरविली होती, तीच येथे कायद्याच्या रूपाने रोग्याच्या आड आली. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन आवश्यक वेदनाशामकांसाठी देशभर एकसूत्री नियमांची वाट मोकळी झाली. करुणा ही वैद्यकीय नीतीची प्रेरणा खरी. परंतु वस्तुस्थितीचे अज्ञान असल्यास तीच करुणा रोग्यास वेदनेत ठेवू शकते, हा या इतिहासाचा बोध आहे.