खानेसुमारी आणि नागपूरची बालभाषा

गोंड राजा बख्त बुलंद याने वसविलेल्या, भोसल्यांच्या अमलात मराठी वळण लागलेल्या आणि १८६१ साली मध्यप्रांताची राजधानी ठरलेल्या नागपुरात मूल प्रथम कोणत्या भाषेत बोलू लागते, हा प्रश्न सरकारी दप्तराने एकोणिसाव्या शतकातील खानेसुमारीत विचारला खरा, परंतु आईबापांच्या घरी सामान्यतः बोलली जाणारी भाषा लिहावी एवढ्यावरच त्याने समाधान मानले. १९५१ साली पाळण्यापासूनची भाषा मातृभाषा ठरली. १९६१ साली मातेने बालपणी मुलाशी जी बोलली ती, आणि माता शैशवातच निवर्तली असल्यास घरातील मुख्य भाषा, असा निर्णय झाला. अद्याप बोलू न लागलेल्या तान्ह्याच्या नावापुढेही आईचीच भाषा लिहावी असा हुकूम सुटला. या दोन गणनांच्या दरम्यान नागपूर मात्र जागचे न हलता मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात व तेथून महाराष्ट्रात गेले होते.

गणनेला एकच माता आणि एकच रकाना सोयीचा; मूल मात्र आजीचे, थोरल्या भावंडांचे, शेजारणीचे, सगळ्यांचेच बोलणे कानी साठविते, आणि नागपुरात त्या बोलण्यात मराठीबरोबर हिंदी हटकून असे. तथापि ऐकलेले जसेच्या तसे परत करण्यापुरतीच त्याची करामत नसते. घरात कोणीही 'केला' यावाचून दुसरे रूप उच्चारीत नसता, 'धरला', 'भरला' ऐकलेले मूल आत्मविश्वासाने 'करला' म्हणते, म्हणजे कोणी न शिकविलेला नियम ते स्वतःच बांधते. आमच्या मते व्याकरणकाराची ही पहिली उमेदवारीच होय.

याच्या उलट प्रकार 'ळ'चा. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात वऱ्हाडी-नागपुरी बोलीची रीतसर नोंद झाली. या बोलीत 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' येतो. तेव्हा येथल्या पोराने डोळ्याला 'डोया' म्हटले, की पुण्याकडचा पाहुणा ते बोबडे बोल समजून कौतुकाने हसे; वस्तुतः पोराने आईचा उच्चार बिनचूक उचललेला असे. शाळामास्तरांनी या दोहोंत भेद केला नाही, छडी दोन्हींना सारखीच दाखविली. 'करला' पुढे आपोआपच गळून पडे; 'डोया' मात्र छडीला पुरून उरला, आणि नागपूर-वऱ्हाडच्या खेड्यांतून तो आजही ऐकू येतो.