कल्याण–बदलापूर लोहमार्गपट्टा : आर्थिक विकास

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, मुंबई–पुणे लोहमार्गावर कल्याणपासून बदलापूरपर्यंत पसरलेला सु. १४ किमी. लांबीचा औद्योगिक व नागरी पट्टा. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही त्यावरील स्थानके होत. ही शहरे रेल्वेमुळे वाढली, असे सर्रास म्हटले जाते. परंतु कालक्रम पाहता हे विधान अर्धेच खरे ठरते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा फाटा खुला झाला. कंपनीचे लक्ष दख्खनच्या कापसावर होते, वाटेवरच्या भातशेतीच्या गावांवर नव्हे. प्रारंभी प्रवासी खोपोलीस उतरून पालखीने वा तट्टावरून घाट चढत. १८६३ मध्ये भोर घाटातील मार्ग पूर्ण झाल्यावर गाड्या थेट पुण्यास जाऊ लागल्या. अंबरनाथची ख्याती तेव्हा वालधुनी नदीकाठच्या शिलाहारकालीन शिवमंदिरापुरती (१०६०) होती. बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, अशी लोकव्युत्पत्ती आहे. ती खरी मानल्यास रेल्वेने या गावाचा जुना व्यवसायच हिरावून घेतला, असे म्हणावे लागेल. पुढे सु. ७० वर्षे गाड्या जात-येत राहिल्या, पण मोठा कारखाना उभा राहिला नाही. रेल्वेला येथून हवे होते ते पाणी : अंबरनाथजवळ काकोळे येथे तिने इंजिनांसाठी बांधलेला जलाशय आजही ‘जीआयपी’ याच नावाने ओळखला जातो.

पाणी, मोकळी जमीन व मुंबईचे सान्निध्य यांचे मोल उद्योजकांना विसाव्या शतकात उमगले. स्वीडिश भांडवलावर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा (विम्को) आगपेट्यांचा कारखाना अंबरनाथला निघाला. स्वातंत्र्योत्तर काळात संरक्षण खात्याने तेथे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी (१९५३) उभारली.

उल्हासनगरचा इतिहास सर्वस्वी वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे ‘कल्याण कॅम्प’ ही लष्करी छावणी वसविण्यात आली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सु. एक लाख निर्वासितांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली व तिला उल्हास नदीवरून नाव मिळाले. शेती करण्यास जमीन नाही आणि हाताशी भांडवल नाही, अशा स्थितीत या लोकांनी बराकीची एकच खोली घर, दुकान व कारखाना अशा तिन्ही कामी वापरली. लोहमार्गामुळे कच्चा माल मुंबईहून आणणे व पक्का माल तेथे विकणे शक्य झाले. फिरत्या विक्रेत्यांना तर लोकल गाडीच बाजारपेठ ठरली. कापड, तयार कपडे, फर्निचर व विद्युत् उपकरणे यांचा व्यापार येथूनच वाढला. नामांकित मालाच्या नकलांमुळे शहराची थट्टाही पुष्कळ झाली. तथापि बाहेरच्या मदतीची फारशी वाट न पाहता पुनर्वसन साधणाऱ्या वसाहतींत उल्हासनगरचे स्थान वरचे आहे. शहाडनजीकचा सेंच्युरी रेयॉन (१९५६) हा येथील मोठा कारखाना मात्र कसारा मार्गालगत आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक क्षेत्रे आखण्यात आली. बदलापूरजवळील बारवी धरणाने त्यांना पाणी पुरविले. रासायनिक व अभियांत्रिकी उद्योग आले. १९८३ मध्ये अंबरनाथ व बदलापूर कल्याण महानगरपालिकेत घेण्यात आली आणि १९९२ मध्ये वगळण्यात आली.

अलीकडे मात्र कारखान्यांपेक्षा घरांचीच वाढ अधिक आहे. २००१ ते २०११ या दशकात उल्हासनगरची लोकसंख्या ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८ एवढीच झाली. कुळगाव-बदलापूरची मात्र ९७,९४८ वरून १,७४,२२६ वर गेली. मुंबईत घर न परवडणारा नोकरदार बदलापूरला राहतो व रोज ६८ किमी. दूरच्या मुंबईकडे लोकलने जातो. ज्या पाण्याने उद्योग आणले, ते मात्र बिघडले. रसायने व जीन्सधुलाईच्या सांडपाण्याने वालधुनी व उल्हास या नद्या दूषित झाल्या, प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले आणि उल्हासनगरचे जीन्सधुलाईचे अनेक कारखाने बंद करण्यात आले. त्यांवर अवलंबून असलेल्या मजुरांचा रोजगार त्याबरोबरच गेला. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्याने बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली व सु. १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली.