नागपूरची मध्यरात्र आणि टपाल वाहणारी डाकोटा विमानं

होटगी रोड विमानतळाचं नाव काढलं की आपल्याला आधी चिमणी आठवते. सिद्धेश्वर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं. इतकी वर्षं आपण भांडलो ते चिमणीवरून, धावपट्टीवरून. येणारं विमान कसं असेल, हा विषय कधी निघालाच नाही. उद्या डाळिंबं आणि चादरी-टॉवेलसाठी मालवाहू विमानाची मागणी होईल. व्हायलाच पाहिजे. पण मालाच्या फेऱ्यांना बहुतेक वेळा प्रवासी सेवेतून उतरलेली जुनी विमानं लावतात, हे जगभर चालत आलंय. आपल्याच राज्यात याचा एक जुना अध्याय आहे, तो वाचून ठेवा.

३० जानेवारी १९४९ च्या रात्री देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार दिशांनी विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमायची. तिथं टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं परत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हा मान त्याला. १ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रंही जादा आकार न घेता विमानानं जाऊ लागली. गरीब देशात ही चैन नव्हती, मोठी सोय होती.

यामागं दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई होते. जेआरडी टाटांना मात्र ही घाई पसंत नव्हती. रात्री उड्डाण करायला आणि उतरायला जमिनीवर जी साधनं लागतात ती आधी पुरेशी असली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. सेवा छोट्या कंपन्यांनी चालवली. माझ्या मते दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि गोची तिथंच होती.

या कामाला प्रामुख्यानं डाकोटा विमानं होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याची शिल्लक विमानं स्वस्तात मिळाली, त्यातलीच ही. १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला, तेव्हा तिच्या वाट्याला ९९ विमानं आली. त्यातली ७४ डाकोटा! म्हणजे आपली नागरी हवाई सेवा बऱ्याच अंशी युद्धातल्या उरलेल्या मालावर उभी होती. विमान दणकट होतं, यात वाद नाही. प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, प्रत्येकात १४ सिलिंडर. पण सिलिंडर तडकतो, तेलाचा दाब पडतो, प्लगला ठिणगी मिळत नाही. दर सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो दिलेले असतात ते उगाच नाही. एक बिघडणार, हे बनवणाऱ्यानंच धरलेलं असतं.

खरी परीक्षा धावपट्टी सोडल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. वेग कमी, उंची नाही. एक इंजिन बंद पडलं की विमान त्या बाजूला ओढलं जातं. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्यानं फिरत राहतो आणि ब्रेकसारखा आडवा येतो. त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवायची, चाकं आत घ्यायची, नाक सरळ ठेवायचं, आणि हे सगळं काही सेकंदांत. दिवसा निदान क्षितिज दिसतं. रात्री बाहेर काळोख. क्षितिज दाखवणारं उपकरण फिरत्या भोवऱ्यावर चालतं आणि त्याला लागणारी हवेची ओढ देणारा पंपही इंजिनावरच बसवलेला. म्हणून दोन्ही इंजिनांवर पंप, आणि एका पंपावरून दुसऱ्यावर जायला एक खटका. घाईत तोही लक्षात राहायला हवा.

१२ डिसेंबर १९५३ च्या पहाटे नेमकं हेच घडलं. नागपूरहून मद्रासला निघालेल्या डाकोटाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झालं आणि विमान कोसळलं. आत १४ माणसं होती, १३ गेली. वाचले फक्त वैमानिक. टपालाच्या विमानात माणसं कशी, असं वाटेल. थैल्यांबरोबर प्रवासीही नेत असत, बरं का. राष्ट्रीयीकरणाला तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. पाटी बदलली होती, इंजिनं तीच होती.

त्यानंतरही रात्रीची टपाल सेवा कित्येक वर्षं चालली. लोकांना तिची गरज होती, त्यामुळं ती बंद करा असं म्हणणं सोपं नव्हतं.

आता आजचं. नियमानुसार प्रत्येक विमानासोबत एक यादी असते. कोणतं उपकरण बंद असताना विमान उडवता येतं आणि किती दिवसांत ते दुरुस्त करायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. काहींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२० दिवसांची मुदत. ही पळवाट नव्हे, रीतसर सोय आहे. मात्र जुन्या विमानात अशा नोंदी साचत जातात. प्रवासी विमानात निदान बसणारा ओरडतो, व्हिडिओ काढतो. डाळिंबाचे खोके बोलत नाहीत. आत असतात दोन वैमानिक, आणि खाली आपली वस्ती. होटगी रोडचं विमानतळ काही माळरानात नाही.

म्हणून मालवाहू विमानाची बैठक जेव्हा केव्हा लागेल, तेव्हा आपल्या व्यापारी संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी दर किलोच्या भाड्याबरोबर हेही विचारावं: विमानाचं वय किती? इंजिन उघडून पूर्ण दुरुस्ती झाल्याला किती तास झाले? सोलापुरात रात्री मुक्कामी बिघाड झाला तर सही करणारा इंजिनिअर इथं असेल, की तो दुसऱ्या शहरातून येईपर्यंत माल भरलेला आणि वैमानिक ताटकळत?