अक्कलदाढ, डोळा आणि भूल

“दाढ काढू नको, डोळा जाईल.” हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेले असते. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे उदाहरण घ्या. बारावीतला एक मुलगा सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसलेला असतो. त्याचे तोंड पुरते उघडत नाही, घोट गिळताना कळ येते. घरी लवंग धरून झालेली असते, हळदीचा लेपही झालेला असतो. दवाखान्यात जायचे म्हटले की आजी डोळ्याची आठवण करून देते. ही समजूत किती जुनी आहे आणि तिच्यात तथ्य किती, हे पाहू लागलो की वैद्यकाच्या इतिहासातला एक मोठा प्रवास आपल्यापुढे उलगडतो.

अक्कलदाढ साधारणपणे सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान येते. तोवर बाकीच्या दातांनी जबडा व्यापलेला असतो. जागा अपुरी पडली की ही दाढ तिरकी किंवा आडवी अडकते, किंवा अर्धीच वर येते. उरलेल्या भागावर हिरडीची झडप राहते. तिच्याखाली अन्नकण अडकतात, जंतू वाढतात आणि सूज येते. सुश्रुतसंहितेत ‘अधिमांस’ नावाच्या रोगाचे वर्णन आहे. जबड्याच्या शेवटच्या दाताजवळ मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे ही त्याची लक्षणे सांगितली आहेत. आजच्या दंतवैद्यालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल. त्यावर वाढलेले मांस कापून काढावे आणि मधात कालवलेली औषधी चूर्णे लावावीत, असा उपचारही तेथे दिला आहे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही नोंद केली होती, की ही दाढ विसाव्या वर्षाच्या सुमारास येते, आणि क्वचित अगदी उतारवयातही वेदना देत उगवते.

आता डोळ्याकडे वळू. वरच्या जबड्यातला दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये. काढल्यास अतिरक्तस्राव होऊन माणूस एका डोळ्याने आंधळा होऊ शकतो किंवा त्याचे तोंड वाकडे होऊ शकते, असा इशारा सुश्रुतसंहितेतच आहे. आजच्या समजुतीचे मूळ थेट या ग्रंथात आहे असे म्हणता येणार नाही. पण ही भीती किती जुनी आहे, हे मात्र त्यावरून कळते. त्या काळाचा विचार करता हा इशारा मूर्खपणाचाही नव्हता. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, रक्त थांबवण्याची खात्रीची साधने नव्हती. वरच्या दाताच्या मुळाशी झालेला पू क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरतो, हेही खरे आहे. मात्र तेथे दोष असतो तो पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा. दात वेळेवर आणि नीट काढला, तर संसर्गाचे मूळच नाहीसे होते.

शरीररचना पाहिली की शंका उरत नाही. मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतूंच्या जोड्यांपैकी दुसरी जोडी दृष्टीची. दातांच्या संवेदना पाचव्या जोडीतून जातात. या पाचव्या मज्जातंतूला तीन शाखा आहेत. पहिली डोळ्याच्या परिसराची आणि कपाळाची, दुसरी वरच्या जबड्याची, तिसरी खालच्या जबड्याची. दाढ दुखू लागली की कपाळ आणि डोळ्याभोवतालचा भाग ठणकतो, तो या शेजारामुळे. पण पाहण्याचे काम या तिन्हींपैकी एकीकडेही नाही.

खरा धोका आहे तो दाढ तशीच ठेवून देण्यात. १८३६ साली लुडविग या जर्मन वैद्याने जिभेखाली आणि हनुवटीखाली झपाट्याने पसरणाऱ्या सुजेचे वर्णन केले. ही सूज बहुधा खालच्या दाढांपासून सुरू होते, आणि श्वासमार्ग दाबला जाऊन रोगी दगावू शकतो. गालाची सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप आला, गिळणे किंवा श्वास घेणे जड झाले, तर एक रात्रही थांबता कामा नये.

लोक दाढ काढायला भीत, याचे दुसरे कारण अर्थातच वेदना. गंमत अशी, की वेदनेवरचा उपाय सापडण्यात अक्कलदाढेचाच हात आहे. हम्फ्री डेव्ही हा तरुण रसायनशास्त्रज्ञ नायट्रस ऑक्साइड या वायूवर प्रयोग करीत होता. त्याची स्वतःची अक्कलदाढ येत होती आणि हिरडी सुजली होती. हा वायू हुंगल्यावर वेदना कमी होते, असे त्याच्या ध्यानात आले. हा वायू शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल, असे त्याने १८०० साली छापूनही टाकले. पण पुढची चव्वेचाळीस वर्षे त्याचा उपयोग झाला तो करमणुकीसाठी. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी असाच एक खेळ चालू होता. वायू हुंगलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला ती कळलीच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हे हेरले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. ती अक्कलदाढच होती असे सांगतात. पुढे बोस्टनमधले त्याचे प्रात्यक्षिक फसले आणि त्याची टवाळी झाली. मात्र १८४६ साली मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरचे यशस्वी प्रात्यक्षिक करून दाखवले. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडते की नाही, हा वाद जगभर चालू होता. तो सोडवण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन आयोग बसले. खर्च निजामाने केला. एडवर्ड लॉरी या सर्जनच्या पुढाकाराने शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासाकडे लक्ष दिले की क्लोरोफॉर्म सुरक्षित, असा निष्कर्ष निघाला. पण १९११ च्या सुमारास लेव्ही या संशोधकाने दाखवले, की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. प्रयोग पुष्कळ झाले म्हणून निष्कर्ष अचूक ठरतोच असे नाही. विज्ञान स्वतःलाही तपासत राहते, हे मुलांना सांगायला हे उदाहरण फार चांगले आहे.

दाढेपुरती जागा बधिर करता आली तर सगळ्या शरीराला भूल द्यावीच लागत नाही. १८८४ साली कोलर याने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. त्याच वर्षी हॉल्स्टेड याने त्याचे इंजेक्शन देऊन खालच्या जबड्याचा मज्जातंतू बधिर केला. पण स्वतःवर प्रयोग करता करता त्याला कोकेनचे व्यसन जडले. त्यानंतर कमी धोक्याचे प्रोकेन आले, आणि १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेन याने लिडोकेन तयार केले. मज्जातंतूंतून संदेश जाण्यासाठी सोडियमचे कण आत शिरावे लागतात. लिडोकेन त्यांची वाट अडवते. वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोचतच नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या अखेरीस लागला आणि पुढच्याच वर्षी दातांची छायाचित्रे निघू लागली. त्यामुळे आडवी दाढ कापण्याआधीच दिसू लागली.

प्रत्येक अक्कलदाढ काढावी लागत नाही. त्रास नसलेली दाढ उगाच काढू नये, अशी सूचना ब्रिटनच्या आरोग्यसेवेला २००० सालीच मिळाली आहे. पण वारंवार सुजणारी, किडलेली किंवा शेजारच्या दाढेला इजा करणारी दाढ काढणेच बरे. काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी जमते. ही गुठळी म्हणजे निसर्गाची मलमपट्टी. म्हणून बोळा दाबून धरायचा, पहिला दिवस जोराने थुंकायचे नाही, चूळ भरायची नाही; दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच खळखळायचे. खायला मऊ भात, वरण, खिचडी. सूज दोन-तीन दिवस वाढते, मग ओसरते. तंबाखू, मिश्री आणि विडी मात्र बंद. गुठळी निघून गेली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडे पडून ठणका लागतो, आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो.

बीड जिल्ह्यात हे वेळेवर होण्यात एक वेगळीच अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. अक्कलदाढेच्या वयाची कितीतरी मुलेमुली त्यांत असतात. तिथे एक दिवस काम चुकले की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. मग दाढ गोळ्यांवर ढकलली जाते. म्हणून शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. टोळ्या निघण्याआधी, भाद्रपद-आश्विनात, वरच्या वर्गांतल्या ज्या मुलांची दाढ सुजून गेली असेल त्यांना जिल्हा रुग्णालयातील दंतवैद्याला किंवा जवळच्या दवाखान्यात दाखवून घ्यायला सांगा. सोबत आजीलाही बोलवा, आणि फळ्यावर त्या पाचव्या मज्जातंतूच्या तीन शाखा काढून दाखवा. डोळा का जात नाही, हे एकदा तिला पटले, की पुढच्या नातवंडांची सोय तीच करील.