कुमारकथेतील प्रेरणा आणि वर्णन : लंपनच्या निमित्ताने



मराठी कुमारकथेचा इतिहास सांगताना आपण बहुधा नायकांची नामावळी देतो. आज मी तिच्यातील वर्णनाचा विचार करणार आहे. कारण लेखकाची प्रेरणा त्याच्या वर्णनातूनच उमगते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तेथील कोकण आईच्या शिकवणुकीतून उजळते. वर्णन संस्काराच्या सेवेला उभे असते. पुढे भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीकर बनेश फेणेने कथेला वेग दिला. धावत्या सायकलवरून दिसेल तेवढेच वर्णन तेथे येते.

प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) यांच्या लंपनकथांनी तिसरी वाट दाखविली. या कथा केवळ मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत. परंतु कुमारमन इतक्या आतून मराठीत क्वचितच बोलले आहे. कवयित्री इंदिरा संतांचे हे पुत्र जन्माने बेळगावचे. वडील ना. मा. संत १९४६ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे नऊ वर्षांचे. त्यांचा लंपनही आईवडिलांपासून दूर, सीमाभागातील गावी आजीआजोबांकडे वाढतो. साठच्या दशकात काही कथा लिहून संत दीर्घकाळ थांबले. ‘वनवास’ १९९४ साली आणि ‘शारदा संगीत’ १९९७ साली ग्रंथरूपाने आले.

विरह ही या लेखनाची प्रेरणा, असे मला वाटते. मात्र लंपन दुःखाचे नाव घेत नाही. तो आवाज ऐकतो, वास घेतो, रंग न्याहाळतो. ज्याला मनातले सांगता येत नाही, असा मुलगा भोवतालचे सांगत राहतो. आणि त्या वर्णनातच त्याचे मन वाचकाला कळते. काहींना हे निव्वळ स्मरणरंजन वाटते. मला तो आक्षेप पटत नाही. स्मरणरंजन भूतकाळ गोड करते. येथे पोरकेपणाची कळ तशीच राहते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. लंपनच्या मराठीला कानडीचा सहज शेजार आहे. सीमेवरच्या वर्गांतून अशी बोली आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने खोडली. परीक्षेपुरते ते आवश्यकही असेल. परंतु संतांनी तिच्यातच साहित्य उभे केले. मुलाच्या तोंडची भाषा काढून घेतली, तर त्याने पाहिलेले जगही त्याच्या हातून सुटते. या शाळेच्या विद्यार्थ्यांनी निबंध प्रमाणभाषेत अवश्य लिहावेत. गोष्ट मात्र ज्या भाषेत आजी हाक मारते, त्या भाषेत लिहावी.